काचेला टेकलेला फोटो

मी मुळात भित्रा माणूस. भित्र्या माणसानं काच कापायच्या धंद्यात पडू नये, असं माझी बायको लग्न झाल्यापासून सांगत आलीय. तरी जामखेडला बसस्टँडमागच्या गल्लीत मी बावीस वर्षं फोटो फ्रेमचं दुकान चालवतोय. काचेवर हिरा फिरवताना अजूनही माझा श्वास अडकतो. पण ही गोष्ट त्या भीतीची नाही. काचेनं हात कापला तर हळद दाबून धरता येते.

वैशाखातली दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चाळिशीच्या आसपासची एक बाई दुकानात आली, काखेत गोधडीच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं. दोन्ही हातांवर उसाच्या पाचटानं काढलेले बारीक ओरखडे. म्हणजे तोडणीहून नुकतीच परतलेली. तिनं गाठ सोडली आणि आतली फ्रेम माझ्यापुढं ठेवली.

"भाऊ, ही तुमच्याच दुकानातली हाय. आमच्या मालकाचा फोटू. आठ वरसं झाली त्यांना जाऊन. पोराचं लगीन हाय पुढच्या आठवड्यात, तवा नवी पट्टी टाका. जरा रुंद, चांगली दिसंल अशी."

आमच्याकडं नवरदेवाचा बाप नसला तर मांडवात खुर्चीवर त्याचा फोटो ठेवतात, त्याला हार घालतात, आणि नवरदेव बोहल्यावर उभा राहण्याआधी त्या खुर्चीच्या पाया पडतो. त्या खुर्चीसाठी मी आजवर कितीतरी फ्रेमा केल्यात. मी फ्रेम उलटी केली. मागं माझ्या दुकानाचा पिवळा पडलेला कागद होता. आठ वर्षांत फ्रेमच्या लाकडी पट्टीचा एकही कोन उघडला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग मी फ्रेम सुलटी केली, सवयीनं दाराच्या उजेडात तिरपी धरली, आणि ती खाली ठेवायचंच विसरलो.

फोटो काचेला चिकटलाय की नाही हे असंच बघायचं असतं. समोरून बघून कळत नाही. फ्रेम तिरपी धरायची आणि काचेतून फोटोच्या अंगावर पडणारा उजेड बघायचा. फोटो मोकळा असेल तर तो सगळीकडं सारखा दिसतो. चिकटला असेल तिथं ओल्या फरशीसारखा चमकतो. या माणसाचा शर्ट, कॉलर, मान आणि डाव्या गालाचा निम्मा भाग चमकत होता.

"ताई, याला पाणी लागलं होतं का?"

"पानी कशाचं? घट बसायच्या आदी घर धुतो न्हवं आपुन, तवा धुती मी. गोधड्या धुती, समदे देव धुती, तसं त्यांनाबी धुती. मंग पुसायचं, गोधडीत बांधायचं आन् दसरा झाला की कारखान्याला संगं न्यायचं. सा-सा महिने एकट्याला कुलपात कसं ठिवू?"

"दुसरा फोटो आहे का घरी?"

"न्हाई वो. मोबाईल व्हता त्यांचा, त्यो हिरीत पडला. ह्यो एवढा एकच हाय."

मी "चार दिवसांनी या" एवढंच म्हणालो. ती गोधडीचा तुकडा घडी करून घेऊन गेली.

तिनं फोटो धुतला यात तिची काय चूक? चूक माझी होती, आणि ती मला बघताक्षणी कळली होती. फोटो काचेला कधीही टेकवायचा नसतो, फ्रेमच्या कामात हे सगळ्यात आधी शिकवतात. मधे जाड पुठ्ठ्याची चौकट कापून घालायची, तिला आम्ही माउंट म्हणतो. ती नको असेल तर पट्टीच्या आत, दिसणार नाही अशी बारीक काडी चारी बाजूंनी चिकटवायची. काच आणि फोटो यांच्यात नखाच्या जाडीएवढी हवा राहिली तरी पुरते. ती नसली की ओल खालच्या कडेनं आत शिरते, वर चढते, आणि फोटोचा गुळगुळीत थर काचेचा होऊन बसतो.

हे मला येत होतं. सुरुवातीला मी माउंट घालतही होतो. पण गिऱ्हाईक म्हणायचं, "मधी पांढरं कशाला सोडलं? माणूस बारका दिसतोय." गेलेला माणूस मोठा दिसला पाहिजे, फ्रेमभर दिसला पाहिजे, असा इथला हट्ट. दहा जणांशी वाद घातला, अकराव्याला माउंटचं नावच काढलं नाही. काडी घालायला कुणाची ना नव्हती, तिचा मलाच कंटाळा. शिवाय फोटोला पोक येऊ नये म्हणून त्याच्या पाठीला पांढरा गोंद फासून तो हार्डबोर्डवर दाबून बसवायचो. फोटो आरशासारखा सपाट दिसायचा, लोक खूश, मीही खूश. खरं तर फोटो वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्यांनी नुसता टांगायचा असतो, म्हणजे उद्या काढायची वेळ आली तर निघतो.

आता काढायची वेळ आली होती. पुढून काच धरून बसली होती आणि मागून माझा गोंद.

त्यात माझ्या डोक्यात एक जुनं भूत होतं. काही वर्षांपूर्वी एक म्हातारे गुरुजी असाच चिकटलेला फोटो घेऊन आले होते, त्यांच्या थोरल्या भावाचा. मी मोठ्या ऐटीत कोपरा धरला आणि ओढला. नाकापासून हनुवटीपर्यंत चेहरा काचेवर राहिला, हातात आला तो पांढरा कागद. मी त्यांना सांगितलं, ओल लागून आधीच खराब झाला होता. ते "असेल, असेल" म्हणाले आणि काच कागदात गुंडाळून घेऊन गेले. त्यांनी चिडायला हवं होतं. चिडले असते तर मी सुटलो असतो.

बायको डबा घेऊन आली तेव्हा मी ती फ्रेम पुढ्यात घेऊन नुसता बसलो होतो.

"काय हो, फोटोतला माणूस बोलला की काय तुम्हाला? तोंड उतरलंय ते."

मी सगळं सांगितलं. गुरुजींचंही, जे तिला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. तिनं चेष्टा थांबवली.

"मग सांगा त्या बाईला."

"कसं सांगू?"

"आत्ता मला सांगितलं तसं."

सोपं होतं म्हणायला. पण मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. ती काय म्हणेल, रडेल का, मुलगा येऊन दुकान डोक्यावर घेईल का. आणि खरी भीती तर वेगळीच होती. मी बसतो त्याच्या मागच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, माझ्या आईचा फोटो आहे. दुकान सुरू केलं त्याच वर्षी ती गेली, आणि तिची फ्रेम मीच केली. माउंट नको, आई फ्रेमभर दिसली पाहिजे, हा हट्ट तेव्हा माझाही होताच. दर अमावस्येला मी तो ओल्या फडक्यानं पुसतो, हार बदलतो. त्या दुपारपासून चार दिवस मी त्या भिंतीकडं मान वर करून बघितलं नाही. उदबत्तीसुद्धा खाली बघत लावली.

दुसऱ्या दिवशी वाटलं, पातळ ब्लेड आत सरकवून बघू. कडेच्या कोपऱ्यात, जिथं नुसती मागची निळी भिंत होती. ब्लेड तांदळाच्या दाण्याएवढं आत गेलं आणि बारीक चर्र असा आवाज झाला. मी हात असा मागं घेतला की स्टूल पडलं. कोपऱ्यात पांढरा ठिपका उमटला होता. ब्लेड कागदात गुंडाळून गल्ल्यात टाकलं आणि गल्ल्याला कुलूप लावलं. स्वतःवर माझा तेवढाही भरवसा उरला नव्हता.

पाण्याचा एक उपाय असतो. जुन्या लॅबमधला फोटो असेल तर तो काचेसकट पाण्यात भिजत ठेवला की कधीकधी आपोआप सुटतो. पण साध्या प्रिंटरवर काढलेला असेल तर शाई पाण्यात विरघळते आणि माणूस तुमच्या डोळ्यांदेखत निळा-लाल होऊन वाहून जातो. फोटो कुठल्या कागदावर आहे हे त्याच्या पाठीवरून कळतं. ती पाठ मीच गोंदानं बुजवून टाकली होती.

शेवटी तिसऱ्या दिवशी, जे पहिल्या तासाला करायला हवं होतं ते केलं. काहीही हात लावण्याआधी, काच तशीच ठेवून फोटोचा फोटो काढायचा. दाराजवळ सावलीत फ्रेम उभी केली. मोबाईलमागं काळं फडकं धरलं, म्हणजे काचेत आपलं प्रतिबिंब पडत नाही. मोबाईल अगदी सरळ, फोटोच्या मध्यासमोर. पाच-सहा काढले, त्यातला एक चांगला आला. तो नगरच्या लॅबला पाठवला. चौथ्या दिवशी सकाळी एसटीनं प्रिंट आली. चमक गेलेली, पांढरा ठिपका बुजवलेला. मूळ फोटोपेक्षा उजवी.

इथं माझ्या मनात पाप आलं, ते लिहितो. ही प्रिंट नव्या फ्रेममध्ये घालावी, जुना फोटो फळीवर मागं सारावा आणि गप्प बसावं. तिला कळणार नाही. मी रुंद सोनेरी पट्टी कापली, कोन जुळवले, खिळे मारले, माउंटही घातलं. मग फ्रेम उचलली आणि त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मला गुरुजींचं "असेल, असेल" ऐकू आलं.

मग जुन्या फोटोलाही घर करायला बसलो. चिकटलेला फोटो काचेपासून काढायचा नाही, ती काच आता फोटोचाच भाग समजायची. काच, फोटो, हार्डबोर्ड सगळं तसंच एकत्र ठेवलं. चारी बाजूंनी काडी लावून त्यापुढं नवी काच बसवली, मधे हवा सोडली. हार, गंध, कुंकू काय लागायचं ते नव्या काचेला लागेल. मागं कागदी टेप लावून धूळ बंद केली, खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावली, म्हणजे फ्रेम भिंतीला पाठ टेकत नाही आणि भिंतीची ओल तिच्यात उतरत नाही.

दुपारी ती आली. मी दोन्ही फ्रेमा पुढं ठेवल्या आणि एका दमात सांगून टाकलं. फोटो चिकटलाय. चूक माझी आहे, तुमची नाही. मी तो काचेला टेकवला, मीच मागून गोंद लावला. परवा मी ब्लेड घातलं, हा ठिपका त्याचा. मोठ्या फ्रेममध्ये नवी प्रिंट आहे, ती मांडवात ठेवा. हा जुना कधी उघडू नका, कुणी कितीही शहाणा भेटला तरी उघडू देऊ नका. पुसायचा तर कोरड्या फडक्यानं. फ्रेम तिरपी करून चमक कुठवर आलीय तेही तिला दाखवलं.

नव्या प्रिंटकडं तिनं एकदा बघितलं. जुना फोटो मांडीवर घेतला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हंजी मी धू धू धुतलं, आन् त्यांच्या नाकातोंडात पानी गेलं."

"नाही ताई, मी सांगितलं ना—"

"समजलं मला. तुमी जागा ठिवली न्हाई." मग तिनं मान वर केली आणि माझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघितलं. "ह्या कोन?"

"आई माझी."

"ही फ्रेम कुनी केली?"

"मीच."

"बघितली का मंग?"

मी नाही म्हणालो. का, असं तिनं विचारलं. भीती वाटते, असं मी सांगितलं. पन्नाशीच्या माणसानं परक्या बाईला असं सांगू नये, पण सांगितलं.

तिनं नवऱ्याचा फोटो जपून बाजूला ठेवला. "उतरवा," ती म्हणाली. "मी बघती."

मी स्टुलावर चढलो, हार काढला, न बघता फ्रेम तिच्या हातात दिली. ती दाराशी गेली आणि मी आत्ताच दाखवलं होतं तशी तिरपी धरली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि त्यावरूनच मला कळलं.

"कुठवर?" मी विचारलं.

"पदर समदा. आन् व्हट."

मी पुढं झालो. फ्रेम अजून तिच्याच हातात होती. हात आपोआप मागच्या खिळ्यांवर गेला होता, उघडायला. बावीस वर्षांची सवय. तिनं फ्रेम झटकन छातीशी धरली.

"उगडायची न्हाई," ती म्हणाली. "तुमीच सांगितलं न्हवं आत्ता? आदी फोटू काढा."

मी फ्रेम तिच्याकडून घेऊन दाराजवळ सावलीत उभी केली आणि मोबाईल काढला. पहिले तीन फोटो हलले. लग्नघर सोडून आलेली ती बाई माझ्यामागं काळं फडकं दोन्ही हातांनी ताणून धरून उभी राहिली, चौथा नीट येईपर्यंत.