एकोणिसावा दगड

मिस्त्री कुठल्याही वस्तूवर भरवसा ठेवण्याआधी तिच्या एका कोपऱ्यावर अंगठा दाबायचे, मग समोरच्या कोपऱ्यावर. खुर्ची, स्टूल, माठाखालची तिवई, एकदा तर खुद्द प्राचार्यांचं टेबल. वस्तू डुगडुगली की मान न वळवता म्हणायचे, "हलायलंय." प्राचार्य तेव्हा टेबलापलीकडेच बसले होते. त्यांनी घाईघाईने दोन्ही हात उचलून घेतले.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. माझी अडचण एवढीच की मला यादी पुरी करायची सवय आहे. मी परभणीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बरण्या, सांगाडे, सूक्ष्मदर्शक, सगळं माझ्या वहीत. माणसांचीही मी मनात नोंद ठेवते: गाव, वय, घरी कोण. मिस्त्रींच्या नोंदीत रकाने रिकामेच राहिले. गाव विचारलं तर एकदा पिंगळी म्हणाले, एकदा ताडकळस. वय विचारलं तर म्हणाले, "आसंल की साठीच्या आसपास. तुमीच ठरवा, बाई."

आमच्या विभागप्रमुख सरांनी त्या वर्षी कोकणातून समुद्र आणला होता. म्हणजे कॅनमधून खारं पाणी, पोत्यातून वाळू, किनाऱ्यावरचे भोकाभोकांचे हलके दगड, मुठीएवढा एक खेकडा आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे तीन मासे. "आपल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही," एवढंच त्यांचं कारण. चार फुटी काचेच्या टाकीत वाळू अंथरून विद्यार्थ्यांनी तिच्यावर दगडांचा डोंगर रचला. पाचव्या दिवशी, प्रात्यक्षिक चालू असताना, तो घसरला. एक दगड समोरच्या काचेवर आदळला. काच फुटली नाही, पण नखाएवढा टवका उडाला आणि अख्खा वर्ग दोन पावलं मागे सरकला.

का घसरला ते कुणालाच कळेना. सर म्हणाले, दगड सिमेंटने जोडू. मी विचारलं, सिमेंटचा चुना पाण्यात उतरला तर मासे राहतील का? सर म्हणाले, "तेच तर मला माहीत नाही."

मिस्त्री तेव्हा खिडकीबाहेर बागेचा दगडी कट्टा बांधत होते. त्यांचा जन्म विहिरी बांधण्यात गेला होता. बोअरच्या गाड्या गावोगाव फिरायला लागल्या आणि विहिरीचं काम सुटलं, तेव्हापासून ते असली फुटकळ कामं घ्यायचे. आमचा गलका ऐकून ते आत आले. टाकीसमोर उकिडवे बसले.

"पाया कशावर हाय?"

"वाळूवर," सर म्हणाले.

"आन् ह्यो काय करायलाय?"

खेकडा दगडाखालची वाळू उकरत होता. शांतपणे, दोन्ही नांग्यांनी. आम्ही सगळे प्राणिशास्त्राचे, चार दिवस त्याच्याकडे कौतुकाने पाहत होतो.

"सिमिट नगं," मिस्त्री म्हणाले. "मला दोन दिस द्या."

सरांनी दिले. मासे टबात काढले. दोन दिवसांवर ते टबात टिकतील याची सरांना खात्री नव्हती, म्हणून काम कधीपर्यंत संपवायचं ती वेळ मी मिस्त्रींना लिहून दिली. त्यांनी कागद मुंडाशात खोचला. वाचता येत होतं की नाही, तेही मला ठाऊक नाही.

पहिला दिवस त्यांनी एकही दगड रचला नाही. एकेक दगड उचलायचा, बादलीतल्या पाण्यात बुडवून हातावर तोलायचा, बाहेर काढून पुन्हा तोलायचा.

"मिस्त्री, एक दिवस गेला," मी म्हटलं.

"जाऊ द्या की. पान्यात ह्याचं वजनच ऱ्हाईना. आन् इहिरीला मागं जमीन आसती, बाई. दगड तिच्यावर रेलून ऱ्हातो. हितं मागं निसती काच. दगडानं दगडावरच रेलायचं म्हनल्यावर जरा इच्यार नगं का?"

दुसऱ्या दिवशी सगळी वाळू बाहेर काढली. मी दिलेली प्लास्टिकची जाड शीट तळाच्या काचेवर अंथरली आणि तीन मोठे दगड थेट तिच्यावर बसवले. सरांनी डोळे मिटून घेतले. प्रत्येक दगड खालच्यावर तीन ठिकाणी टेकला पाहिजे, असा मिस्त्रींचा हट्ट. दोन ठिकाणी टेकला की "हलायलंय" म्हणून परत खाली. चारी बाजूंच्या काचेपासून चार बोटं अंतर. फटींत बारीक कपच्या ठोकून बसवल्या. शेवटी भोवतीनं वाळू सोडली. आता खेकड्याने कितीही उकरलं तरी पाया वाळूवर नव्हताच. एकतीस दगड. मी वहीत चित्र काढून त्यांना नंबर दिले. पाणी भरलं. मिस्त्रींनी हात घालून वरचा दगड दाबला, बाजूचा दाबला. एकही हलला नाही.

इथवर सगळं सरळ होतं. पण मासे दगडांकडे जाईनात. हवेच्या नळीमागे काचेच्या कोपऱ्यात तिघं चिकटून उभे राहायचे. खाणं तसंच तळाशी जायचं. आठव्या दिवशी एक मेला. सरांनी पाणी तपासलं, मी तापमानाचा तक्ता केला, खाणं बदललं. दुसऱ्याचे पट्टे फिके पडायला लागले.

कट्ट्याचं काम संपलं होतं तरी मिस्त्री दर सोमवारी यायचे. स्टूल दाबून पाहायचे, टाकीसमोर तासभर बसायचे आणि जायचे. मला वाटलं काही मागायचं असेल. मी विचारलंही.

"काय बघता, मिस्त्री?"

"मासं."

"काय दिसतं?"

"मासं की, बाई. तुमाला काय दिसायलंय?"

मला काय दिसायला हवं होतं, ते मला समजेना.

मग विद्यापीठाचं नाव बदलण्याच्या वादावरून बंद झाला, तो सोमवार. त्या वर्षांत असे बंद अधूनमधून व्हायचे. बस नाही, रिक्षा नाही, सर गावाबाहेर अडकलेले. माझं घर जवळ, म्हणून माशांना खाणं घालायला मी आले होते. साडेदहाला मिस्त्री दारात उभे. पायांवर रुळांतल्या खडीची धूळ. पिंगळीहून रुळाच्या कडेने चालत आले होते. म्हणजे गाव पिंगळी असावं, मी मनात लिहिलं.

त्यांनी बाही वर सारली. "ह्यो काढतो," म्हणाले आणि मधल्या एका दगडाकडे बोट केलं.

मी वही उघडली. एकोणीस नंबर. त्याच्यावर तीन दगड टेकलेले. "हा काढला तर वरचे खाली येतील!"

"येतील बी."

"आणि काच फुटली तर?"

"फुटंल बी."

"मग काढता कशाला, मिस्त्री? इतका पक्का बसलाय!"

"त्येच तर. लय पक्का बसलाय." ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलले. "इहिरीत फट ठिवली की मागची माती येती, मानूस मरतो. म्हनून म्या हितं बी सगळ्या फटी बुजवल्या. मासं ऱ्हानार कुटं मग? इहीर बांधली म्या. त्येंचं घर न्हाई बांधलं."

सरांना विचारल्याशिवाय परवानगी द्यायची नाही, असा माझा नियम होता. फिका पडलेला मासा कोपऱ्यात तिरका झाला होता. मी हो म्हटलं की नाही, हे मला आजही आठवत नाही. एवढं आठवतं की मी दोन्ही तळवे काचेवर दाबून उभी होते, जसं काही काच माझ्याने धरली जाणार होती.

मिस्त्रींनी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. आधी कपच्या काढल्या, एकेक. मग दगड चार बोटांत धरून इतका सावकाश फिरवला की तो हलतोय हे मला दिसेना. वरचा दगड कणभर खाली आला, शेजारच्यावर रेलला आणि थांबला. एकोणिसावा बाहेर आला. मिस्त्रींचा हात तरी बराच वेळ पाण्यातच होता, पसरलेला, वरच्या दगडांखाली.

"बसला," ते म्हणाले.

दगड पंच्यात गुंडाळून ते निघाले. मी म्हटलं, मिस्त्री, तो दगड वहीत लिहिलेला आहे.

"मंग खोडा की."

"कारण काय लिहू?"

"ज्यादा झाला म्हनून लिवा." आणि गेले. मासे काय करतात ते पाहायलाही थांबले नाहीत. दर सोमवारी तासभर बसणारा माणूस.

दुपारी तीनच्या सुमारास फिका मासा कोपरा सोडून त्या पोकळीत शिरला. मागोमाग दुसरा. चौथ्या दिवशी दोघंही तिथून तोंड बाहेर काढून खायला लागले.

पुढच्या सोमवारी मिस्त्री आले नाहीत. त्याच्याही पुढच्या नाही. महिन्याभराने मी पिंगळीला उतरून विचारलं. विहिरी बांधणारे म्हातारे मिस्त्री? तसले ताडकळसला राहतात, असं कळलं. एका बाजाराच्या दिवशी मी ताडकळसला गेले. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने कपबशी पुढे सरकवून विचारलं, "नाव काय त्येंचं?"

मला सांगता येईना. कॉलेजच्या हजेरीवरही नुसतं 'मिस्त्री' होतं.

"कुणी आलेच तसे," मी म्हटलं, "तर त्यांना सांगा, मासे आत राहायला गेले."

हॉटेलवाल्याने मान डोलावली. "सांगतो की, बाई," तो समजुतीने म्हणाला. "पन कुनाला?"