पत्ता न बदलणारं पान

कुणी रस्ता विचारला की तो हातानं दाखवायचा नाही, चप्पल घालून सोबत निघायचा. "त्याला कशाला फिरवायचं? आपणच जाऊन येऊ," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गारखेड्यातल्या आमच्या वेबसाइट बनवणाऱ्या छोट्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. फुलंब्रीकडच्या मेंढपाळाच्या घरातला, रोज बसनं येणारा.

कोडही तसंच लिहायचा. एका पानानंतर दुसरं दाखवायचं असेल, तर मी ब्राउझरला नवा पत्ता देऊन तिकडं पाठवायची. हा मात्र सर्व्हरच्या आतच दुसरं पान तयार करून समोर ठेवायचा. वरचा पत्ता जुनाच. मला याचं भारी कुतूहल. एकदा विचारलं, तर वडिलांचं सांगत म्हणाला, "आबाला एका दाखल्यासाठी लई खिडक्या फिरवलं होतं, ताई." यावर तुम्ही तरी काय वाद घालणार?

मग त्यानं आजारी जनावरांसाठी डॉक्टरची फिरती गाडी बोलावायची साइट केली. फॉर्म भरला की 'नोंद झाली' हे पान, अर्थात त्याच्या पद्धतीनं. गावाकडं नेटवर्क रडत असतं. लोक पान पुन्हा लोड करायचे. पत्ता फॉर्मचाच, म्हणून फोन विचारायचा, 'माहिती पुन्हा पाठवू?' विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? सगळे 'हो' दाबायचे. एकेकाच्या चार-चार नोंदी झाल्या आणि दोन दिवसांत गाडीच्या रांगेतले सगळे नंबर संपले.

आबांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "मेंढ्या खोकायल्यात. नाव लागंना, जागा नाय म्हणतंय."

त्यानं यादी उघडली आणि त्याचा चेहराच उतरला. तासाभरात त्यानं नव्या पत्त्यावर पाठवणारी ओळ स्वतः लिहिली, जादा नोंदी काढल्या, आणि आबांचं नाव सगळ्यात शेवटी घातलं.

"वर घे ना, कोण बघतंय?" मी म्हटलं.

"नाय ताई. बाकीच्यांच्या बी मेंढ्याच हायेत."

गाडी आबांकडं चौथ्या दिवशी पोहोचली. तोवर सहा मेंढ्या गेल्या होत्या.

आता तो पुण्यात असतो, आणि मला त्याची फार आठवण येते. त्यानं ऑफिस सोडलं त्या दिवशी मी विचारलंच, "चूक कुणाची होती, ते आबांना सांगितलंस?"

तो बॅगेची चेन लावत राहिला. "कसं सांगू, ताई? ते गावभर सांगायलेत, पोराच्या साइटमुळं डॉक्टर दारात आला म्हणून."