जोडवीर परत आले तेव्हा

शिरूर कासारच्या पेठेत राजेश्वर शेटेचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, रिबनी, कुलपं, पावडरीचे डबे आणि दारात दोरीला लटकवलेली खेळणी. दुकान मूळचं वडिलांचं, विश्वेश्वरअप्पांचं. अप्पा गेले तेव्हा राजेश्वर विशीत होता आणि बीडला राहून शिकायचं त्याच्या मनात होतं. तो गल्ल्यावर बसला, आणि त्याबद्दल कुणाजवळ कधी चकार शब्द काढला नाही. फक्त त्याचं चालणं त्या वर्षापासून सावकाश झालं, ते पुढं कायमच. चाळिशीच्या आतच लोक त्याला वडीलधाऱ्यासारखं वागवू लागले होते.

या माणसाला एकच छंद होता, आणि तो ऐकून नवखा माणूस हसायचा. त्याला जोडवीर आवडत.

पोरांच्या खेळण्यातले हे जोडवीर बाजारात आले त्र्याण्णव साली. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे सुटे भाग असत: धड, डोकं, हात, पाय, ढाल. सांध्याच्या एका बाजूला गोटी, दुसऱ्या बाजूला वाटी. गोटी वाटीत दाबली की टक् आवाज यायचा, आणि हात हवा तिकडं वळायचा. कुणाचाही हात कुणालाही बसे. पिशवीत पातळ कागदावर छापलेली एक गोष्टही असे. उजाड डोंगरावर सात झरे, आणि प्रत्येक झऱ्याला एक राखणदार. पोरं कागद फेकून देत आणि वीर घेऊन पळत. राजेश्वर ते कागद उचलून वाचायचा. होळीच्या आधीच टँकरची वाट बघायला लागणाऱ्या गावात राहून त्याला ती गोष्ट खोटी वाटत नसे.

वर्षाला एक असे सहा वीर आले. राजेश्वरने प्रत्येकाचा एक नग वरच्या फळीवर ठेवला. तो विकायचा नव्हता. सातव्या झऱ्याबद्दल कागदात एवढंच होतं की तो आटलेला आहे. त्याचा राखणदार पुढच्या वर्षी येणार होता. पुढच्या वर्षी कंपनीच बंद पडली.

बीडच्या एका होलसेल दुकानात काम करणारा नेकनूरचा बद्रीनाथ हा या बाबतीतला त्याचा एकुलता एक सोबती. माल भरायला गेलं की दोघांचा तासभर वाद चाले: आटलेल्या झऱ्याचा राखणदार करत काय असेल? राजेश्वरचं म्हणणं, त्याच्या हातात काही नसणार. ढाल नाही, भाला नाही. राखायलाच काही नाही तर हत्यार कशाला? बद्रीनाथ म्हणायचा, "राखतो कशाचा बे, तो कवाच गेला आसंल ऊस तोडायला." दोघंही हसत. पण बिनहत्याराचा तो सातवा राजेश्वरच्या मनात तेव्हापासून घर करून होता.

आता त्याच्या आईची गोष्ट सांगायला हवी, कारण जोडवीरांचा संबंध देवघराशी आला तो तिच्यामुळं.

भाद्रपदात शेट्यांकडं महालक्ष्म्या उभ्या राहत. लोखंडी तिपाईसारखी अडणी, तिच्यावर धडाच्या जागी पत्र्याची कोठी, कोठीला कागदाच्या लगद्याचे पोकळ हात, वर पितळी मुखवटा, मग साडी-चोळी आणि दागिने. एका वर्षी माळ्यावरून पेटी उतरवताना थोरलीचा, म्हणजे ज्येष्ठेचा, उजवा हात कोपरातून मोडला. राजेश्वरने सहाव्या वीराच्या, म्हणजे सगळ्यांत थोराड असलेल्याच्या, मांडीतली बोराएवढी गोटी आणि तिची वाटी काढली आणि त्या कोपरात बसवली. हात जोडला गेला. शिवाय तो आता वळू लागला.

राजेश्वरची आई बसम्मा तेव्हा विधवा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला तिच्याच घरात तिला मागच्या खोलीत बसावं लागे. वळणारा हात तिने पाहिला. दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर, दुपारी, तिने गल्लीतल्या दोघी-तिघींना हाक मारली. त्यांनाही संध्याकाळचं बोलावणं नसे. एकेकीला तिने ज्येष्ठेपुढं बसवलं, थोरलीचा हात खाली वळवला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. पुढच्या वर्षी सात-आठ जणी आल्या. मग ती घराची रीतच झाली. तांड्यावरून, वस्तीवरून बाया यायच्या, दुपारी तास-दोन तास बसायच्या, हात डोक्यावर घेऊन जायच्या. कुणी त्याला नाव दिलं नाही.

दोन हजार सातच्या भाद्रपदात, महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी सकाळी, राजेश्वरची बायको ईश्वरी हात पुसत होती. तिने कोपर वळवून पाहिलं आणि बारीक कट् आवाज झाला. वाटी चिरली होती. प्लॅस्टिक पिवळं पडून हरभऱ्याच्या डाळीसारखं ठिसूळ झालं होतं. राजेश्वरने दुकानातून थोराड वीर आणला. त्याच्या दुसऱ्या मांडीतली वाटी काढू लागला तर ती हातातच फुटली. बाकीच्या पाच जणांचे सांधे लहान.

बसम्मा खांबाला टेकून बघत होती. ती म्हणाली, "राहू दे. बायांना सांगू, औंदा न्हाई म्हणून." पण हे बोलताना तिने त्याच्याकडं पाहिलं नाही.

राजेश्वरला एक आशा होती. महिन्याभरापूर्वीच बद्रीनाथचा फोन आला होता की जोडवीर परत येतायत. कुण्या मुंबईच्या कंपनीने नाव विकत घेतलंय, नव्याने काढलेत. सणाच्या गडबडीत त्याला जायला सवड झाली नव्हती. त्याने दुकान ईश्वरीवर टाकलं आणि बीडची एसटी धरली. गाडीत उभ्याने जाताना त्याला सारखं वाटत होतं, गोटी आणि वाटी, तेवढं तरी तेच असेल.

बद्रीनाथने त्याला बघितलं आणि गल्ल्यामागून एक खोका काढून ठेवला.

"आला बे तुझा सातवा. आधी त्यालाच काढलाय, मागून बाकीचे."

खोक्यावर पारदर्शक झाकण होतं. आत काळा वीर, लाल डोळे, दात विचकलेले, दोन्ही हातांत तलवारी. राजेश्वरने खोका उलटसुलट करून पाहिला. मग त्याने थोराड वीराचा खोका मागितला. तोही तसाच: छातीवर फुगलेले स्नायू, उजवा हात डोक्याच्या वर, वार करायच्या बेतात.

"रंग बघ," बद्रीनाथ म्हणाला. "गुडघे बघ, डुगडुगत न्हाईत. आपल्या टायमाचे उभे राहता राहता बसायचे."

ते खरंच होतं, आणि राजेश्वरने ते कबूल केलं. रंग तर फारच चांगला होता. जुन्यांचा रंग नखाने निघे. त्याने विचारलं, "हा हात खाली होतो का?"

बद्रीनाथने हात वळवून पाहिला. हात थोडा पुढं गेला, मागं आला. खाली येईना.

"न्हाई होत. पण खाली कावून करायचा? लढणारा गडी हाय तो."

"राखणदार होता."

"ते तुझ्या कागदात." बद्रीनाथने चहा सांगितला. "पोरं लई खूश हायत, राजा. आपण पोरं ऱ्हायलो न्हाई, त्याला ते काय करतील?"

 गोष्टीचा कागद आहे का, असं राजेश्वरने विचारलं. कागद नव्हता. कॉम्प्युटरवर चालणारी एक सीडी होती, आणि शिरूरमध्ये ती लावायला त्याच्या ओळखीत कुणाकडं काही नव्हतं. त्याने थोराड वीर घेतला. सातवा त्याने पुन्हा हातात घेतला आणि जागेवर ठेवून दिला.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. त्याने खोका मांडीवर उघडला. वीर आयता जोडलेला होता, सगळे मिळून आठच भाग. धड आणि मांड्या एकसंध, हात खांद्यापासून मुठीपर्यंत अखंड. कोपर नव्हतंच, कोपराच्या जागी नुसती रेघ होती. जोडायला काही उरलंच नव्हतं, आणि उलगडायला जावं तर भाग सुटेना. खांद्यात गोटी होती, पण ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि हाताला डिंकाने चिकटवलेली. राजेश्वरला राग आला नाही. तो मोडून पडावा इतका थकला. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं होतं, नीटनेटकं, चकचकीत, आणि त्यात त्याच्या हाताला काही कामच ठेवलेलं नव्हतं. शेजारच्या बाईच्या कडेवरचं लेकरू वीराकडं हात करत होतं. त्याने वीर लेकराला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आवाहनाच्या आधी, त्याने बांधकामाची तार घेतली. तारेने हात पक्का होणार होता, पण एकदा पिळली की तो तिथंच राहणार. वर तर वर, खाली तर खाली, तिन्ही दिवस. पक्कड हातात घेऊन तो थांबला.

शेजारच्या सुभद्राबाई साडी नेसवायला आल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं की हात वर हवा. "साऱ्या जगात लक्ष्मीचा हात वर असतो. खाली आलेला हात मागणाऱ्याचा, देणाऱ्याचा न्हवं. आल्यागेल्याला काय वाटंल?"

ईश्वरीने नवऱ्याकडं पाहिलं. तिलाही संध्याकाळच्या बायकांना तोंड द्यायचं होतं. राजेश्वरने आईला विचारलं.

बसम्मा म्हणाली, "तुझं तू बघ. मी सांगितलं तर सुभद्राला वाटंल, मी माझ्यासाठी सांगितलं."

राजेश्वरला कालचा वीर आठवला, आणि त्याचा तो वार करायला उचललेला हात. कुणीतरी मुंबईत बसून एकदा ठरवलं असेल, याचा हात इथं राहू द्या, आणि पुढं ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी तो तिथंच राहिला. आता ठरवायची पाळी त्याची होती. त्याने ज्येष्ठेचा हात खाली घेतला, बसलेल्या बाईच्या डोक्याच्या उंचीला, आणि तार पिळली.

 सुभद्राबाईंनी साडीच्या निऱ्या नेहमीपेक्षा जोरात आवळल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की शेट्यांच्या ज्येष्ठेचा हात औंदा लुळा पडलाय. ईश्वरीला दोघींनी तोंडावर विचारलं. तिने सांगितलं की आमच्या घरात असाच ठेवतात, आणि आत जाऊन चुलीवरचं दूध उतरवलं.

दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य झाला. दुपारी बाया आल्या. या वर्षी जास्तच होत्या. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघणार म्हणून लांबच्याही आल्या होत्या. बसम्मा एकेकीला पाटावर बसवत होती. पाच-सहा जणी झाल्या असतील. तारेभोवतीचा लगदा दमट हवेने मऊ पडला होता, आणि डोकी टेकून टेकून तो सुटू लागला. हात लोंबला. राजेश्वर महालक्ष्म्यांमागच्या जरीच्या पडद्याआड गेला. तिथं पक्कड चालवायला जागा नव्हती. त्याने पडद्याच्या फटीतून ज्येष्ठेचं कोपर धरलं आणि हात पुन्हा उंचीवर आणला.

मग तो तिथंच उभा राहिला. पुढची बाई बसली की तो हात हलकेच टेकवायचा, उठली की उचलायचा. त्याला कुणी दिसत नव्हतं. कुणाचे केस खरखरीत, कुणाचं डोकं तापलेलं, हे मात्र त्या पोकळ हातातूनही त्याला कळत होतं. पडद्याआड उकडत होतं. वीज सकाळपासून नव्हती. खांदा भरून आला, तसा त्याने दुसऱ्या हाताने पहिल्याला आधार दिला.

सगळ्यांत शेवटी छबुबाई आली. तिचा नवरा दोन हंगामांमागं उसाच्या फडातच गेला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तेव्हापासून मुकादम तिला अर्धा कोयता म्हणत, आणि टोळीत घ्यायला कुरकुरत. ती पाटावर बसली. राजेश्वरने हात टेकवला. बाकीच्या जणी लगेच उठल्या होत्या. ती उठेना. तिने डोकं खाली घातलं आणि तशीच बसून राहिली. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. आतून भांड्यांचे आवाज येत होते, तेही थांबले.

राजेश्वरने पडद्याआड हात बदलला. ज्येष्ठेच्या बांगड्या किणकिणल्या.

छबुबाईने मान वर केली नाही. पडद्याकडं न बघताच ती हळू आवाजात म्हणाली, "सोडा आता, राजाभाऊ. हात दुखत आसंल."

पडद्यामागून राजेश्वर म्हणाला, "बसा तुमी."

ती बसली.