मालतीबाईंच्या कुप्या

मालतीबाईंच्या हातात काहीही द्या, त्या आधी त्याचा वास घेत. दूध, दही, भाजी इथपर्यंत ठीक आहे, पण त्या डोळ्यांत घालायच्या थेंबांचाही वास घेत. मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. निवृत्तीनंतर आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतानाही तिथलेच नियम चालत. "शिळं आधी, ताजं मग," हा त्यातला पहिला. या एका नियमाने त्यांनी माझं किती डोकं खाल्लं याला गणती नाही.

संधिवाताने त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. पापणी मिटली की वाळू घासल्यासारखं होई आणि घासून घासून बुबुळांवर जखमा झाल्या होत्या. दुकानातल्या थेंबांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याच रक्तातून थेंब करायचं ठरवलं. रक्त काढायचं, ते गोठलं की वेगळं होणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, पातळ करून छोट्या कुप्यांत भरायचं. कुप्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या. एक उघडली की ती फ्रीजमध्ये, आणि आठवड्याने उरलंसुरलं फेकून द्यायचं, कारण त्यात जंतू लवकर वाढतात. डॉक्टरांनी हे तीनदा सांगितलं. मी सोबत होतो.

थेंब लागू पडले. दोन महिन्यांत बाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या, आणि माझ्या बायकोने निवडलेल्या तांदळातले खडे मला आणून दाखवू लागल्या.

एका सोमवारी मी खाली गेलो, तर त्या ओट्याशी उभ्या राहून जुन्या कुपीतले उरलेले थेंब नव्या कुपीत ओतत होत्या.

"विरजण लावताय का?" मी विचारलं.

"अहो सावंत, माझं रक्त आहे ते. शीर सापडेना म्हणून चारदा टोचलं त्या मुलीने. मोरीत ओतू?"

"मोरीतच ओता. डोळा जाईल."

"दोनशे मुली जेवायच्या माझ्या हातचं. एकीचं पोट बिघडलं नाही कधी."

पुढच्या पंधरवड्यात त्या घरातही काळा चष्मा लावून वावरू लागल्या. ऊन लागतं म्हणाल्या. घरात कसलं ऊन? चौथ्या दिवशी मी चष्मा काढायला लावला. डावा डोळा लालभडक, बुबुळावर पांढरा ठिपका. तशीच रिक्षा केली. डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणतात, "जुनं होतं, पण नासलं नव्हतं. मी वास घेतला होता." डॉक्टर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू काही तो वास मीच घेतला होता.

डोळा वाचला, पण त्याला पुढे धुरकटच दिसे. उरलेल्या कुप्या मी आमच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवल्या. मग दर सोमवारी सकाळी आठला बाई जुनी कुपी घेऊन जिना चढून येत आणि नवी घेऊन जात. "उजवा आता तुमच्या भरवशावर," असं वर मलाच ऐकवत. जुनी मात्र हातातून सुटायची नाही. "मी खाली पोचले की मग टाका. माझ्यासमोर नको." मला भयंकर वैताग यायचा. तरी त्यांच्या दाराची कडी वाजेपर्यंत मी ती कुपी धरून उभा राहायचो.

मागच्या दिवाळीनंतर त्या झोपेतच गेल्या. उजव्या डोळ्याने आदल्या दिवशीसुद्धा तांदूळ निवडले होते.

मार्केट यार्डातून मटार आणायचे दिवस आले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्या पाच कुप्यांचं काय करायचं? फ्रीझरमध्ये मटारांना जागा लागेल."

मी कुप्या घेऊन मोरीपर्यंत गेलो. बाईंचा फार राग आला. जातानाही नको ते काम माझ्यावरच टाकून गेल्या. इतके सोमवार मी हेच तर केलं होतं, पण आता खालून कडी वाजणार नव्हती. बराच वेळ उभा राहिलो आणि कुप्या परत जागेवर ठेवून दिल्या.

यंदा मटार आम्ही दोन किलो कमी घेतले.