खोडरबर नसलेला वर्ग

मास्तरांच्या कॉम्प्युटर क्लासात खोडरबर आणायला सक्त बंदी होती. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा. चुकला तर चुकीभोवती लाल गोल काढायचा आणि खाली कारण लिहायचं. "खोडून टाकलंस तर शिकलास काय, डोंबल?" असं ते खेकसायचे. एकवीस वर्षं हे असंच चाललं. भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो होते आणि त्या फोटोंच्या जिवावरच नवी मुलं यायची.

आता कुठली यायला! प्रोग्राम यंत्रच लिहून देतं आणि शिकलेली माणसं घरी बसतात. बारापैकी आठ कॉम्प्युटरांवर कापड टाकलेलं. महिनाअखेरपर्यंत पाच मुलं जमली नाहीत तर क्लास बंद, असं मास्तरांनी बायकोला सांगून टाकलं होतं. चार जमली होती.

त्या सकाळी पहिल्या फोटोतला पोरगा आला, मास्तरांचा सगळ्यात लाडका. नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. "सर, तेवढा माझा फोटो काढून टाका. लाज वाटते हो," म्हणाला. मास्तर काही बोलणार, तोच एक बाई मुलीला घेऊन आत आल्या. पाचवी मुलगी!

बाईंनी अर्ज हातात घेतला, भिंतीकडे पाहिलं, मग पोराकडे. "हे तुम्हीच ना? नोकरी कशी चाललीय?"

पोरानं मास्तरांकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "मस्त! सगळी सरांची कृपा."

मास्तरांना क्षणभर फार बरं वाटलं, आणि तेच त्यांना सहन झालं नाही. अहो, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही!

"तसं नाही हो ताई," ते म्हणाले. "याची नोकरी गेलीय. एवढा हुशार, तरी गेली. तुमच्या लेकीला मी जीव ओतून शिकवीन, पण नोकरीचा शब्द नाही देणार."

बाईंनी अर्ज कोराच टेबलावर ठेवला, "खरं सांगितलंत, बरं झालं," म्हणाल्या आणि मुलीला घेऊन गेल्या.

"का सांगितलंत, सर? वाचला असता ना क्लास!" पोरगा रडवेला झाला होता.

मास्तरांनी लाल पेन्सिल घेतली. फोटोखाली त्यांच्याच अक्षरात 'नोकरी पक्की' असं लिहिलेलं होतं. 'पक्की'भोवती त्यांनी गोल काढला आणि खाली कारण लिहिलं: 'नको तो शब्द मी दिला.'

"फोटो राहणार," ते म्हणाले. "चूक माझी आहे. तू कशाला खाली उतरतोस?"