मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. एका कारखान्याच्या मोठ्या साहेबांची गाडी ते साहेब निवृत्त होईपर्यंत चालवली, मग नव्या साहेबांची, मग त्याच्यानंतर आलेल्याची. मागून 'डावीकडे' आलं की डावीकडे, 'थांब' आलं की थांबले. 'गाडीचं डोकं मागच्या सीटवर असतं,' असं ते स्वतःच सांगायचे, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. घरीही तीच तऱ्हा. पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, भिंतीला रंग कोणता द्यायचा, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: 'तू म्हणशील तसं.' शेजारणी म्हणायच्या, बाई, नशीब काढलंस. असं म्हणणाऱ्यांनी आठ दिवस हा माणूस घरी नेऊन बघावा. चहात साखर कमी आहे की जास्त, हेसुद्धा माझ्या तोंडाकडे बघून ठरवणारा माणूस.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ह्यांचं परदेशातलं लायसन. त्या लायसनने आमच्या नाकी नऊ आणले.

आम्ही मुलीकडे राहायला आलो ते नातीसाठी. नातीचा एक पाय जन्मापासून कमजोर. शहराबाहेर एक हॉस्पिटल आहे, तिथे कोमट पाण्याचा तलाव आहे, आणि त्या पाण्यात उभं करून तिच्याकडून व्यायाम करून घेतात. एक दिवसाआड जावं लागतं. तिकडे बस जात नाही. जावई बोटीवर, महिनोन् महिने घराबाहेर. मुलगी प्रयोगशाळेत नोकरीला, तिने होती नव्हती ती सगळी रजा पोरीच्या पायापायी संपवली होती. तिच्या वरच्या बाईंनी आता स्पष्ट सांगितलं होतं, तीन महिन्यांनंतर पूर्ण वेळ या, नाहीतर जागा रिकामी करा. इकडे डॉक्टर म्हणत होते, पोरगी आत्ता कुठे कठडा धरून उभी राहायला लागली आहे, खंड पडला तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. म्हणजे एक तर नोकरी, नाहीतर पाय.

पण घरात अख्खी हयात गाडी चालवलेला माणूस बसलेला असताना घाबरायचं कशाला? आम्हाला तसंच वाटलं होतं. मुलीची गाडी इमारतीखाली उभीच असायची. आजोबा नातीला नेतील आणि आणतील, प्रश्न मिटला.

तो कसला मिटतोय? लायसनच्या कचेरीत आधी मशीनमधून नंबर काढायचा, मग जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांवर बसायचं, मग काचेमागच्या बाईंसमोर उभं राहायचं. बाईंनी ह्यांचं आपल्याकडचं लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, हे इथे आल्यावर सुरुवातीचे काही महिनेच चालतं, ते महिने संपले. मुलीने विचारलं, मग हे बदलून इथलं द्या. बाई म्हणाल्या, काही देशांचं बदलून मिळतं, तुमचा देश त्या यादीत नाही. म्हणजे काय करायचं? पहिल्यापासून शिकायचं. 'ह्यांनी जन्मभर गाडीच चालवली आहे,' असं मुलीने त्यांच्या भाषेत सांगितलं. बाई अगदी गोड हसल्या आणि पुढचा नंबर पुकारला. मला तर त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. हे मात्र बाईंना नमस्कार करून मागे सरकले.

मग गाडीला नवशिक्याची लाल पाटी लागली. ज्या माणसाने साहेबाच्या गाडीवर धुळीचा कण बसू दिला नाही, तो आता पाटी लावून, शेजारी मुलीला घेऊन, चौकाचौकात मागच्या लोकांचे वैतागलेले चेहरे बघत हिंडू लागला. मला बघवत नव्हतं. हे म्हणायचे, 'नियम आहे ना, मग झालं.'

लेखी परीक्षा कॉम्प्युटरवर होती. चार गाड्या एका चौकात आल्या, आधी कोण जाणार? सरावाच्या वेळी ह्यांचं उत्तर, 'ज्याच्या साहेबाला घाई असेल तो.' मुलीने कपाळाला हात लावला. पण पाठांतर त्यांचं पक्कं. अख्खं पुस्तक चित्रांसकट घोकलं आणि पास झाले. मग गाडी शिकवणारे एक मास्तर लावले, जावयाच्या वयाचे. त्यांची एकच तक्रार, हे आरशात बघत नाहीत. हे म्हणायचे, 'बघतो की, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो.' मास्तर म्हणाले, नुसतं बघून भागत नाही, परीक्षकाला दिसेल अशी मान वळवा. झालं, तेव्हापासून हे घरात पाण्याचा पेला उचलतानासुद्धा आधी दोन्हीकडे मान वळवायला लागले.

पहिल्या परीक्षेला परीक्षक गाडीशी आला तसे हे खाली उतरले आणि मागचं दार उघडून अदबीने उभे राहिले. तो बिचारा क्षणभर गोंधळला, मग वळसा घालून स्वतःच पुढे बसला. तिथूनच सगळं बिनसलं. साहेब शेजारी येऊन बसलेला ह्यांनी कधी पाहिलाच नव्हता. प्रत्येक चौकात हे थांबले आणि हाताने इतरांना 'आधी तुम्ही' म्हणत राहिले. आपला नंबर असला तरी जाईनात. निकाल आला, विनाकारण रस्ता अडवला, नापास.

दुसऱ्या वेळी परीक्षक दुसरा, चष्मेवाला. त्याने सांगितलं, 'वळता येईल तिथे डावीकडे वळा.' साहेब डावीकडे म्हणाले म्हटल्यावर ह्यांनी पहिली गल्ली दिसली तिथे गाडी घातली. गल्लीच्या तोंडावर प्रवेश बंदची पाटी उभी. नापास.

'पाटी दिसली नाही का तुम्हाला?' मी विचारलं.

'दिसली ना.'

'मग?'

'ते वळा म्हणाले.'

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हटलं, 'त्याने विहिरीत घाला म्हटलं असतं तर विहिरीत घातली असती का?' उगाच खोटं कशाला सांगू, मला वाटतं, घातली असती.

मुलीने समजावलं, 'बाबा, तो साहेब नाही. तो फक्त कुठे जायचं ते सांगतो. जायचं की नाही, कसं जायचं, ते तुम्ही ठरवायचं. तेच तर बघायला बसलाय तो.' ह्यांनी मान डोलावली, पण ती मान मला ठाऊक होती. मग मुलीने सराव काढला. मी पुढे शेजारी बसायचं, मुद्दाम चुकीचं सांगायचं, आणि ह्यांनी ऐकायचं नाही. रविवारी मोकळ्या मैदानावर गेलो. मी म्हटलं, 'त्या खांबाकडे घ्या.' घेतली. म्हटलं, 'आता उलट्या बाजूने जा.' गेले. मुलगी मागून ओरडली, 'बाबा, ऐकायचं नाहीये.' तर हे म्हणतात, 'अगं, पण ती सांगतेय ना.' मुलगी हसायला लागली आणि म्हणाली, 'आई, साहेब फक्त कारखान्यातच नव्हता वाटतं.' मी तिला म्हटलं, मला मध्ये ओढू नकोस, गाडी कोण शिकतंय ते बघ.

तिसरी तारीख मुदत संपायच्या जरा आधीची मिळाली. ही हुकली तर पुढची कधी मिळेल देव जाणे, आणि तोवर मुलीची नोकरी गेलेली. मुलीने राजीनाम्याचा कागद लिहूनही ठेवला होता, तो तिच्या पर्समधून डोकावताना मी पाहिला. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्या आठवड्यात एकदा जेवताना हे आपणहून बोलले, आणि ह्यांनी आपणहून बोलणं ही आमच्या घरातली बातमी असते. म्हणाले, 'मागे कुणी नसलं की गाडी रिकामी रिकामी लागते. कुठे चाललोय तेच कळत नाही.' मुलीने लगेच नियम शोधला. परीक्षेच्या वेळी उमेदवाराच्या ओळखीचं एक माणूस मागे बसलं तर चालतं. अट एवढीच, मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. मदत केली तर परीक्षा रद्द.

'आई, तू बस,' मुलगी म्हणाली. 'पण तुला जमेल का?'

जमायला काय झालं? निघताना मी तोंडात एक लवंग धरली, म्हणजे जिभेला काम राहील.

मुलगी नातीला घेऊन कचेरीत बसली. मी मागे बसले, पट्टा लावला. परीक्षक तोच चष्मेवाला. ह्यांनी या वेळी त्याला दार उघडलं नाही. मान डावीकडे, मान उजवीकडे, मधल्या आरशात. आरशात बघितलं की माझे डोळे दिसायचे, आणि हे जरा सैल व्हायचे. गाडी अशी निघाली की पोटातलं पाणी हलू नये. चौकात आपली पाळी आली तेव्हा गेले, नव्हती तेव्हा थांबले. शाळेजवळ वेग कमी केला. मला तर वाटलं, झालं काम. जुन्या दिवसांत साहेबांची बायको कधीमधी मलाही गाडीने घरी सोडायला लावायची, तेव्हा मी अशीच मागे ऐटीत बसायचे.

मग चष्मेवाला म्हणाला, 'वळता येईल तिथे डावीकडे वळा.' तेच वाक्य. त्यांची भाषा मला येत नाही, पण डावं-उजवं एव्हाना मलाही पाठ झालं होतं. समोर डावीकडे गल्ली आली. हे काही वेग कमी करेनात. गल्ली जवळ आली, हे सरळच. मला वाटलं, घाबरले, विसरले, डोकं बंद पडलं ह्यांचं. पर्समधला तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आला. लवंग कुठे गेली कोण जाणे, आणि तोंडातून निघून गेलं, 'अहो, डावीकडे म्हणाले ना ते!'

ह्यांनी गाडी जरासुद्धा डगमगू दिली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाले, 'ऐकलंय मी. तू गप्प बस. गाडी मी चालवतोय.'

गल्ली मागे पडली तेव्हा मला तिच्या तोंडावरची लाल पाटी दिसली. प्रवेश बंद.

पुढच्या गल्लीला हे मान वळवून, दिवा लावून, शिस्तीत वळले. चष्मेवाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. परीक्षा रद्द. ह्यांनी जन्मात पहिल्यांदा बरोबर केलं, आणि मी त्याच्यावर पाणी फिरवलं. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि खरं सांगते, थोडा ह्यांचाही आला. 'तू गप्प बस'? परक्या माणसादेखत?

कचेरीत परत आलो. मुलगी नातीला कडेवर घेऊन धावत आली. परीक्षक तिच्याशी बराच वेळ बोलला. गाडीत मी काय सांगितलं आणि ह्यांनी काय उत्तर दिलं, ते त्याने विचारून घेतलं. मुलीने आम्हाला विचारून खरं ते सांगितलं, तशी ती लहानपणापासूनच खरं सांगून अडचणीत आणणारी. तो चष्मा पुसत विचार करत राहिला. मग एक वाक्य बोलला आणि कागदावर सही केली. मुलगी खुर्चीवर बसून आधी रडली, मग हसली.

'काय म्हणाला?' मी विचारलं.

'म्हणाला, मदत केली असती तर परीक्षा रद्दच करावी लागली असती. पण मागच्या बाईंनी सांगितलं ते चुकीचं होतं आणि गाडी चालवणाऱ्याने ते ऐकलं नाही. तेव्हा ह्याला मदत म्हणता येत नाही.'

हे पास झाले. एवढ्या मोठ्या कचेरीत शिक्कामोर्तब करून मला चुकीचं ठरवलं, पण पास झाले. मुलीने राजीनामा फाडून तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पहिल्या दिवशी हॉस्पिटलला निघालो तेव्हा मी पुढचं दार उघडलं. 'मागे बस, पोरीजवळ,' हे म्हणाले. बसले. वाटेत दुकान लागतं. मी म्हटलं, 'अहो, जरा थांबवा, घरात दूध नाही.' म्हणाले, 'येताना. तिला उशीर होतोय.' आणि गाडी सरळ. इतकी वर्षं मी ह्यांच्या खनपटीला बसले होते की एकदा तरी स्वतःचं काही ठरवा. ठरवलं, तर माझा चडफडाट. नातीने हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'आजी, मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही.' हे तिला कुणी शिकवलं, ते मला विचारायचंही राहिलं.

तलावात त्या दिवशी तिने कठड्यावरचा एक हात सोडला. दुसरा नाही, पण एक सोडला. हे काठावर उभे होते, चपला हातात घेऊन.

येताना दुकान बंद झालेलं होतं. संध्याकाळी सगळ्यांना कोरा चहा करावा लागला. मी कप ह्यांच्यापुढे ठेवला आणि सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कधी माझ्याकडे बघतील म्हणून. ह्यांनी एक घोट घेतला, खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाले, 'साखर कमी आहे.'

होतीच कमी. मी उठून डबा आणला, पण आपटूनच ठेवला.