घणमामांची कुर्ली

घणमामा वेल्डिंगचा जोड डोळ्यांनी तपासत नसत. थंड झाला की पाच किलोचा घण उचलून दणादण घालत. तुटला तर जोडणाऱ्याच्या मुस्काटात. टिकला तर विडी पेटवत, मग आम्ही कारखान्यातल्या पोरांनी त्या जोडाला रंग मारायचा. घणाआधी रंग नाही. शेजारी म्हणत, ह्यांच्या घरी नारळसुद्धा घणाने फोडतात.

मी आठवीत शाळा सोडलेली. लिहिताना अजून चुका होतात, आणि इथे मस्कतला सुधारून द्यायलाही कोणी नाही. पण वेल्डर झालो तो त्यांच्या मारामुळे.

रत्नागिरीत समुद्राकडे जाणाऱ्या चौकासाठी आम्ही लोखंडी कुर्ली, म्हणजे मोठा खेकडा, केली. पाठीवर सोलर पॅनेल, पोटात बॅटरी. दिवसभर ऊन खायचं, संध्याकाळी दिवे लावून नांग्या उघडायच्या-मिटायच्या. नांगीखाली लोकांना बसायला बाक. मामा तिला ‘बया’ म्हणत आणि तिलाही रोज बडवत.

उजव्या नांगीचा जोड माझा होता. आतून कच्चा राहिलाय, हे मला कळलं होतं. पण माझं मस्कतचं काम त्याच कुर्लीच्या ठेकेदाराच्या शब्दावर ठरलेलं. मामा जेवायला गेले तेव्हा मी पुट्टी भरून रंग मारून टाकला.

कुर्ली चौकात उभी राहिली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मामा त्या रंगाकडे बघत थांबले. ह्या जोडावर आपण घण मारल्याचं त्यांना आठवेना.

"मेल्या, हिच्याखाली तुझ्या पोरीला बसवशील?"

त्यांनी घण उचलला. तिसऱ्या घावाला नांगी निखळली आणि खालच्या बाकाचे दोन तुकडे झाले. मग माझ्या कानाखाली अशी बसली की दोन दिवस त्या कानाने ऐकू येत नव्हतं.

ठेकेदार दोन माणसं घेऊन आला. जोड कोणाचा, विचारलं.

"माझा," मामा म्हणाले.

त्यांनी मामांना तिथेच पडलेल्या सळईने मारलं. डोकं फुटलं, उजवं मनगट मोडलं. मी चार हातांवर उभा होतो. तोंड उघडणार इतक्यात मामांनी खाली पडल्यापडल्या माझ्याकडे असं बघितलं की मी परत मिटलं.

मस्कतला निघायच्या आधी पाया पडायला गेलो. म्हटलं, मामा, मी खरं सांगून येतो त्यांना.

"आता सांगून माझा हात बसणाराय? तू जा. आणि इतक्यात येऊ नको. तुला बघितलं की जास्त दुखतो."

तीन वर्षं झाली. मी गेलेलो नाही.